गुरांच्या पडीतल्या ओढ्याकाठी पुन्हा झाडी आणताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील आपल्या गावात ओढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा-पंधरा एकर जमीन पिढ्यान्‌पिढ्या गुरांच्या चराईखाली होती. बैलजोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली, उरलेल्या संकरित गायी गोठ्यात बांधूनच असतात आणि जमीन आता मोकळी पडली आहे. या जमिनीवर ओढ्याकाठचे जंगल परत यावे म्हणून कोणती रोपे, किती आणि कधी लावावीत, हे आपण विचारले आहे.

माझे पहिले उत्तर असे की, येत्या पावसाळ्यात एकही रोप लावू नये. लागवडीचे पैसे हाताशी असतील आणि गावात उत्साह असेल तर हे ऐकायला जड जाईल, याची मला कल्पना आहे. परंतु ओढ्याकाठी झाडी उरली नाही याचे कारण बहुतेक ठिकाणी बी नसणे हे नसते. बी दरवर्षी येतच असते. करंजाच्या शेंगा आणि अर्जुनाची पंखदार फळे पुरावर तरंगत खाली येतात, उंबराचे बी बुलबुल, कोकीळ आणि हरियाल आणून टाकतात, जांभळाचे बी उदमांजरे पसरवतात. ते रुजतेही. मात्र रुजलेला कोंब वीतभर होण्याआधी खुरांखाली जातो, खाल्ला जातो किंवा उन्हाळ्यातल्या वणव्यात जळतो. ही तीन कारणे कायम असताना लावलेले रोपही त्याच वाटेने जाते. म्हणून पहिले वर्ष चराई पूर्ण थांबवावी, आग रोखावी आणि जमीन स्वतःहून काय वर काढते ते बारकाईने पाहावे.

या वर्षात आपल्याला जे दिसेल ते मोलाचे असते. गुरांनी वर्षानुवर्षे खुडून गुडघ्याएवढी ठेवलेली झुडपे प्रत्यक्षात अनेकदा जुन्या झाडांची जिवंत खोडे असतात. जमिनीवर चार पाने आणि जमिनीखाली वीस-तीस वर्षांचे मूळ, अशी त्यांची स्थिती असते. पळस, खैर, बोर, उंबर, जांभूळ यांचे असे बुडखे चराई थांबताच एका पावसाळ्यात छातीएवढे फुटवे काढतात, आणि नर्सरीतून आणलेले कोणतेही रोप या वेगाची बरोबरी करू शकत नाही, कारण त्याच्यापाशी ते मूळ नसते. ऑक्टोबरात, गवत पिवळे पडू लागले की, जमीन पायाखाली घालून असा प्रत्येक बुडखा शोधावा, शेजारी खुंटी ठोकून तिला चुना लावावा, आणि झुडपासारख्या दाटलेल्या फुटव्यांपैकी सरळ वाढणारे एक-दोन ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने काढावेत. एवढे झाल्यावर नकाशावर जेथे मोकळी जागा उरेल तेथेच लागवडीचा विचार करायचा. ही जागा सुरुवातीला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी निघते.

पहिल्या पावसाळ्यात टाकळा आणि गाजरगवत माजेल. अतिचराई झालेल्या जमिनीवर गुरे न खाणाऱ्या वनस्पतीच उरलेल्या असतात आणि मोकळीक मिळताच त्याच आधी उसळतात. याने खचून जाऊ नये. गाजरगवत फुलावर येण्याआधी, ओल्या मातीतून मुळासकट उपटावे. टाकळा राहू दिला तरी चालतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत मारवेल, पवन्या, डोंगरी यांसारखी बहुवर्षायू गवते परतू लागली की टाकळा आपोआप मागे हटतो.

आता जमिनीच्या मर्यादेविषयी. चौदा-पंधरा एकर सगळीच झाडांनी भरून काढण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील प्रदेशात ओढ्याकाठची दाट हिरवी पट्टी आणि तिच्या वरच्या अंगाला विरळ झाडांचे उघडे गवत, हीच कित्येक ठिकाणची नैसर्गिक रचना आहे. मुरमाड, उथळ मातीचे ते माळरान पडीक नसते. लांडगा आणि चंडोल, धाविक यांसारखे माळावरचे पक्षी यांचे ते घर असते. तेथे खड्डे खणून दाट झाडे लावली तर झाडे खुरटतात आणि गवतही जाते. ओढ्याच्या काठापासून दोन्ही बाजूंना किमान दहा मीटर, आणि जेथे पूर पसरतो किंवा काठावर खोल गाळाची माती आहे तेथे तीस मीटरपर्यंत, एवढ्या पट्टीवर झाडीचे काम करावे. त्यापलीकडे गवत राखावे. हे गवतच पुढे गावाला या कामाशी बांधून ठेवणार आहे.

कोणती झाडे, हे पुस्तकातील यादीवरून ठरवू नये. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. या दोन टोकांच्या मध्ये दर दहा-पंधरा किलोमीटरवर ओढ्याची झाडी बदलते. आपल्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला किंवा शेजारच्या खोऱ्यात एखादी देवराई असेल तर ती आधी पाहावी. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून त्यांचे महत्त्व अभ्यासकांना ठाऊक आहे. आणि पुष्कळ देवराया ओढ्याच्या उगमापाशीच असल्यामुळे आपल्या कामासाठी त्यांच्याइतका विश्वासू नमुना दुसरा नाही. देवराई नसेल तर खडकाच्या सांदीत, पुलाच्या खाली, जेथे गुरांचे तोंड पोहोचत नाही अशा जागी काय उरले आहे ते टिपावे. गावातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या गुराख्यांना सोबत न्यावे. कोणत्या डोहावर कशाची सावली होती, हे त्यांना जागेवर नेल्यावर नेमके आठवते.

आपण वर्णन केलेल्या भागात, म्हणजे हजार-बाराशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात, पात्रापासून वर जाताना साधारण तीन थर मिळतात. पुराचा लोंढा जेथून जातो त्या पात्रात आणि पात्राच्या ओठावर झाडांची रोपे लावणे व्यर्थ आहे; तेथे लव्हाळा, वाळा, खडकात शेरणी आणि काठाला निर्गुडी हवी. या वनस्पती पुरात आडव्या होतात आणि पूर ओसरल्यावर उभ्या राहतात, मुळांनी गाळ धरतात आणि मागून येणाऱ्या झाडांसाठी जागा तयार करतात. जेथे ओल निदान फेब्रुवारीपर्यंत टिकते तेथे वाळुंज लावावा. मनगटाएवढ्या जाडीच्या, चार-पाच फूट लांबीच्या ताज्या फांद्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दीड-दोन फूट खोल रोवल्या की त्या मुळे धरतात. कोरड्या काठावर मात्र त्या पहिल्या उन्हाळ्यातच जातात.

पुराची रेषा जेथे संपते त्या काठावर खरी ओढ्याची झाडे येतात: उंबर, करंज, जांभूळ, पाणजांभूळ, अर्जुन, आणि कोरड्या बाजूला सरकावे तशी शिंदी. यांपैकी करंजावर मी सर्वांत अधिक भरवसा ठेवतो. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्याची मुळे काठ घट्ट धरतात, त्याचे बी ताजे नसले तरी उगवते आणि त्याची सावली लवकर दाटते. उंबराची संख्या थोडी असावी, पण तो असलाच पाहिजे. वर्षभर थोड्याथोड्या अंतराने फळ देणारे हे झाड पक्ष्यांना बोलावते, आणि पक्षी त्याच्या फांद्यांवर बसून अशा कितीतरी जातींचे बी खाली टाकतात ज्या आपण कधी लावणार नव्हतो. पाच-सहा वर्षांच्या उंबराखाली वाकून पाहावे. तेथे जी रोपे दिसतात ती आपल्या लागवडीपेक्षा अधिक नेमकी निवडलेली असतात. काठाच्या वरच्या, कोरड्या पट्टीवर भोकर, बहावा, वावळ, किन्हई, कळंब, पळस अशी झाडे चालतात.

जांभळाविषयी एक वेगळी सूचना करणे भाग आहे, कारण येथे वर्षानुवर्षे पैसा वाया जातो. जांभळाचे बी साठवून ठेवता येत नाही. फळातून काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण्याची शक्ती जवळजवळ संपते. जूनमध्ये फळ पिकते तेव्हाच बी धुऊन, त्याच आठवड्यात थेट जागेवर किंवा पिशवीत पेरावे. अर्जुनाचे उलट आहे: त्याची उगवण सावकाश, महिना-दोन महिने लांबत होते, त्यामुळे पेरलेले वाफे निकामी समजून मोडू नयेत.

खुरांनी दाबलेली माती हा या सगळ्याखालचा मूळ रोग आहे. गुरे पाण्यावर उतरतात त्या वाटा, आणि दुपारी जेथे ती विसावतात ती झाडाखालची जागा, दगडासारखी झालेली असते. पाऊस तेथे मुरत नाही, वाहून ओढ्यात जातो आणि काठाला घळी पाडतो. तेथे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा नेहमीचा खड्डा पुरत नाही, कारण घट्ट मुरमातला असा खड्डा कुंडीसारखा वागतो आणि मुळे त्याच्या भिंतीशी वळून बसतात. खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना पहारीने फोडून घ्यावे. विसाव्याच्या जागा तर पहिल्या वर्षी नुसत्या कुदळीने ढिल्या करून, वर पालापाचोळा आणि काटक्या पसरून सोडून द्याव्यात. वाळवी आणि गांडुळे पुढचे काम करतात, आणि ते काम आपल्या अवजारांपेक्षा खोल जाते. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून मुळे उघडी होतात, म्हणून तेथे आच्छादन नसेल तर लागवडच करू नये.

या टप्प्यावर एक गोष्ट मी स्पष्टपणे सांगतो: ओढ्यात जेसीबी किंवा पोकलेन उतरवू देऊ नका. गेल्या दहा-बारा वर्षांत खोलीकरण आणि रुंदीकरण यांचा महाराष्ट्रात मोठा बोलबाला झाला आहे आणि गावातून कोणीतरी ही सूचना करीलच. पाणी साठते हे खरे. मात्र त्यासाठी पात्रातली वाळू-गोटे काढले जातात, उतरते काठ उभे कापले जातात आणि जी झाडी आपण आणू पाहतो तिची उरलीसुरली मुळे त्या उपशाबरोबर निघून जातात. उभ्या काठावर बी ठरत नाही, पहिल्या मोठ्या पुरात काठ ढासळतो, आणि पात्र खोल गेल्याने काठावरच्या मातीतली ओलही खाली उतरते. घळी भरून काढायच्या असतील तर वरच्या उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, सारख्या पातळीवर खणलेले) आणि घळीत अनघड दगडी बांध एवढे पुरते, आणि तेही माथ्याकडून पायथ्याकडे या क्रमानेच. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये खासगी मालकीचे नसलेले ओढ्या-नाल्यांचे पात्र शासनाच्या मालकीचे असते, त्यामुळे पात्रातल्या कोणत्याही बांधकामापूर्वी परवानगी घ्यावीच लागते. आपली जमीन सातबाऱ्यावर गायरान म्हणून असेल तर काठावरच्या कामासाठीही ग्रामसभेचा ठराव आणि महसूल खात्याची संमती आधी हवी. झाडे मोठी झाल्यावर उठणारे वाद फार कडवट असतात.

कुंपणाचा खर्च अनेकांना थांबवतो. सगळ्या पंधरा एकरांना तार ओढण्याची गरज नाही. जेथून गुरे येतात त्या वाटा रोखल्या तर निम्मे काम होते. दगड मुबलक असेल तर गडगा रचावा. तो नसेल तर सागरगोटा आणि चिल्हार यांचे जिवंत कुंपण पावसाच्या तोंडावर पेरावे आणि ते दाटेपर्यंत दोन-तीन वर्षे बाभळीच्या काट्या लावाव्यात. पांगाऱ्याचे हिरवे खांब रोवले तर ते फुटतात आणि तारेला कायमचा आधार होतो. गुरेप्रतिबंधक चर सपाटीवर ठीक असतो, परंतु ओढ्याकडे उतरणाऱ्या जमिनीवर तो खणू नये. दोन पावसाळ्यांत त्याचीच घळ होते.

कुंपणापेक्षा अधिक टिकणारी गोष्ट म्हणजे लोकांची संमती. गावात गुरे कमी झाली असली तरी संपलेली नाहीत. ज्यांच्याकडे दोन-तीन शेळ्या आणि एखादी म्हैस आहे अशा घरांना या जमिनीची गरज सर्वांत जास्त असते आणि बैठकीत त्यांचाच आवाज ऐकू येत नाही. त्यांच्याकडे आपण होऊन जावे. चराई बंद, पण गवत कापून नेणे खुले, हा तोडगा महाराष्ट्रात अनेक गावांनी यशस्वी केला आहे; अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाच्या नियमांत बसवली आणि डोंगरावरचे गवत कापून नेण्याची व्यवस्था लावली, हे सर्वांना माहीत आहे. जनावरांना ओढ्याचे पाणी लागत असेल तर एक-दोन ठिकाणी दगड-गोटे पसरून उताराचा पाणवठा करून द्यावा आणि बाकीचा काठ बंद ठेवावा. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे त्यांचे तांडे, आपल्या शिवारातून जात असतील तर त्यांच्या जाणत्या माणसाशी आधी बोलून वाट ठरवून द्यावी. सांगितल्यावर पट्टी राखणारी, आणि दुसऱ्यांच्या गुरांनाही हाकलणारी ही मंडळी असतात. त्यांना न विचारता वाट अडवणे अन्यायाचे आहे आणि निष्फळही.

गवत कापण्याचे दुसरे कारण आगीचे आहे, आणि त्याकडे नव्याने काम करणाऱ्यांचे बहुधा दुर्लक्ष होते. चराई थांबली की गवत कमरेएवढे वाढते. डिसेंबरात ते वाळते आणि फेब्रुवारी ते मे या काळात एका ठिणगीत सर्व वर्षांची मेहनत जाते. गुरे होती तेव्हा गवतच नव्हते, म्हणून आगही किरकोळ असे. गुरे काढल्याने आपण स्वतः हा धोका वाढवलेला असतो. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात वरच्या माळावरचे गवत कापून घरोघरी न्यावे, झाडीच्या पट्टीभोवती चार-पाच मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत नसलेली पट्टी, स्वच्छ करावी, आणि होळीपासून पहिल्या पावसापर्यंत पाळीपाळीने राखण ठेवावी. रोपांभोवतीचे हातभर वर्तुळ मात्र गवत उपटून मोकळे करावे, कारण पहिली दोन-तीन वर्षे रोपाचा पाण्यासाठीचा खरा प्रतिस्पर्धी गवतच असते.

घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून येऊन माजलेल्या झुडपांच्या बाबतीत घाई करू नये, असे माझे मत आहे. काट्यांच्या घाणेरीखाली गुरांपासून वाचलेली देशी रोपे अनेकदा सापडतात. सगळी घाणेरी एका फटक्यात काढली तर ती रोपे तुडवली जातात आणि उघड्या मातीवर घाणेरीच पुन्हा येते. पट्ट्यापट्ट्यांनी, तीन-चार वर्षांत काढावी. झुडूप वरून तोडल्यास ते दुप्पट फुटते; जमिनीखाली दोन-तीन बोटांवर, खोड आणि मूळ जेथे जुळतात त्याच्याखाली, मूळ तोडून झुडूप उलटे टाकावे. त्यानंतर पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची काही वर्षे पावसाळ्यात नवी रोपे उपटत राहावे. ओढ्यात बेशरम ही पाणथळीत माजणारी झुडपी वनस्पती असेल तर तिचा तुकडाही पाण्यात राहू देऊ नये. तो खाली वाहत जाऊन रुजतो. सुबाभूळ आणि गिरिपुष्प लवकर वाढतात म्हणून लावण्याचा मोह टाळावा.

आता रोपांची संख्या. वर्षभर निरीक्षण करून उरलेल्या मोकळ्या जागीच लावायचे ठरले, तर काठाच्या पट्टीवर तीन-चार मीटर अंतराने गट करून, एका गटात पाच-सहा जातींची मिश्र रोपे लावावीत आणि गटांच्या मध्ये जागा सोडावी. सरळ रांगा नकोत. रांग पाहणाऱ्याला छान दिसते, परंतु गटातली झाडे एकमेकांना वाऱ्यापासून आणि उन्हापासून सांभाळतात आणि मधल्या मोकळ्या जागेत वाहून आलेले बी रुजते. रोपे दोन वर्षांची, कमरेएवढी असावीत आणि जूनच्या अखेरीपर्यंत जमिनीत जावीत. ऑगस्टमध्ये उद्घाटनाच्या सोयीने लावलेल्या रोपाला मुळे पसरायला ओलीचे जेमतेम दोन महिने मिळतात. एक हजार रोपे लावून सोडून देण्यापेक्षा दोनशे लावून दोन उन्हाळे सांभाळणे केव्हाही बरे. पहिल्या उन्हाळ्यात दर दहा-पंधरा दिवसांनी मुळाशी पाणी देता येईल एवढीच रोपे घ्यावीत.

पाण्याच्या अपेक्षेबद्दलही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. झाडी आली की ओढा बारमाही होईल, असे आश्वासन गावाला देऊ नका. झाडे स्वतः पाणी पितात, आणि लहान ओढ्यात उन्हाळ्याचा प्रवाह झाडी वाढल्यावर कमीही होऊ शकतो. निश्चितपणे जे मिळते ते असे: काठ ढासळण्याचे थांबते, पावसाचे पाणी गढूळ होऊन धावण्याऐवजी मुरू लागते, डोहांवर सावली येऊन पाणी थंड राहते, आणि पडणाऱ्या पानांवर जगणारे किडे, त्यांच्यावर जगणारे मासे, चतुर आणि पक्षी परततात. माझ्या दृष्टीने एवढ्यासाठी हे काम करणे पूर्णपणे योग्य आहे. ओढा दरवर्षी कोणत्या तारखेला वाहायचा थांबला आणि डोह कधी आटला, एवढी नोंद शाळेच्या मुलांकडून ठेवून घ्यावी. त्याच जागी खुंटी ठोकून दर वर्षी ऑक्टोबरात आणि मेमध्ये एकेक छायाचित्र घ्यावे.

सात-आठ वर्षांनी काठावरची झाडे गुरांच्या तोंडाच्या वर गेली की चराईचा प्रश्न पुन्हा समोर येईल. त्या वेळी वरच्या माळावर, गवताचे बी पडून गेल्यानंतर, नोव्हेंबर ते जानेवारी या काळात मोजकी गुरे सोडायला माझी हरकत नाही. त्याने वाळल्या गवताचा भार कमी होतो आणि आगीचा धोकाही घटतो. मात्र शेळ्या त्यात नसाव्यात, गुरांची संख्या ग्रामसभेने दरवर्षी गवत पाहून ठरवावी, आणि काठाच्या दहा मीटर पट्टीत, विशेषतः माती ओली असताना, एकही जनावर उतरू देऊ नये. पाणवठे तेवढे उघडे राहतील.